शेडची फ्रेम: आधी डोलते किती ते बघा

"मॅडम, स्वे फक्त १२ मिलिमीटर आलाय," ऑफिसात नुकताच लागलेला मुलगा प्रिंटआउट पुढे धरून म्हणाला. चेहऱ्यावर पेपर सोपा गेल्याचा आनंद. स्वे म्हणजे वाऱ्यानं फ्रेमचा वरचा भाग आडवा किती डोलतो ते.

"बेस काय दिलास?"

"फिक्स्ड."

"का?"

यावर उत्तर नव्हतं. कॉलेजात सगळी उदाहरणं फिक्स्ड बेसची, म्हणजे कॉलमचा पाय अजिबात वळणार नाही असं धरून, सोडवली होती, म्हणून. मी मोबाइल काढला आणि त्याच फॅब्रिकेटरच्या आधीच्या साइटवरचा बेस प्लेटचा फोटो दाखवला. १२ मिलिमीटरची प्लेट, चार बोल्ट, आणि चारही बोल्ट फ्लँजच्या (आय आकाराच्या कॉलमच्या दोन कडेच्या पट्ट्या) आत, वेबला (मधली पट्टी) चिकटून. "हा बेस फिक्स्ड आहे का, सांग." पोरगा हुशार होता. फोटो बघताच त्याचा चेहरा उतरला.

गेली २७ वर्षं मी साताऱ्यात स्ट्रक्चरल कन्सल्टन्सी करते. सगळ्यात जास्त कामं शेडची: गोदाम, पोल्ट्री, गूळ पॅकिंग, मशीन शॉप. फ्रेम तपासायची माझी एक ठरलेली पद्धत आहे. वही, पेन आणि साधा कॅल्क्युलेटर. सॉफ्टवेअर त्यानंतर उघडायचं. त्या मुलाला जे शिकवलं तेच इथे लिहिते आहे, त्याच शेडच्या आकड्यांसह.

शेड शिरवळच्या बाजूची. स्पॅन १२ मीटर, पत्रा जिथे टेकतो तिथवर उंची ६ मीटर, लांबी ३० मीटर, दर ५ मीटरला एक फ्रेम, म्हणजे सात फ्रेम. उतार दहाला एक, त्यामुळे हिशेबापुरतं छप्पर सपाट धरलं तरी चालतं. फॅब्रिकेटरला कॉलम आणि राफ्टर (छपराची तुळई) दोन्ही तीनशेचे हवे होते, म्हणजे आयएसएमबी ३००, ३०० मिलिमीटर उंचीचा आय आकाराचा सेक्शन, कारण तो माल त्याच्या यार्डात पडून होता. निम्म्या डिझाइनची सुरुवात अशीच होते, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

पहिलं काम: फ्रेमचं रेघाटी चित्र काढा आणि जिथे जिथे जोड वळू शकतो तिथे छोटा गोल काढा. कॉलेजात याला हिंज म्हणतात. चित्र ड्रॉइंगवरून काढायचं नाही, साइटवर जे होणार आहे त्यावरून काढायचं. राफ्टर आणि कॉलमच्या कोपऱ्यात एंड प्लेट आहे का? बोल्ट राफ्टरच्या वरच्या फ्लँजच्याही बाहेर आहेत का? असतील तर जोड ताठ. नुसता क्लीट अँगल (एल आकाराचा छोटा तुकडा) आणि वेबला दोन बोल्ट असतील तर तो गोल.

मग मोजणी. मेंबर (कॉलम, राफ्टर) गुणिले तीन, त्यात आधारांच्या प्रतिक्रिया मिळवा, सांधे गुणिले तीन वजा करा, आणि आत काढलेले गोलही वजा करा. आपल्या फ्रेमला तीन मेंबर, चार सांधे. दोन्ही बेस पिन, म्हणजे जागेवर राहणारे पण वळू शकणारे, धरले तर प्रत्येकी दोन, मिळून प्रतिक्रिया चार. ९ अधिक ४ वजा १२, उत्तर १. एक फाजील बंधन आहे, फ्रेम उभी राहील. आता वरच्या दोन कोपऱ्यांतही क्लीट लावली तर दोन गोल वाढले, उत्तर उणे १. उणे आलं की ती फ्रेम नव्हे, बिजागऱ्यांवरचा दरवाजा. त्यात किती जाड लोखंड घातलं याला अर्थ नाही.

ही मोजणी फसवूही शकते. उत्तर शून्य किंवा अधिक आलं तरी बंधनं चुकीच्या जागी असू शकतात. तीन खाटा एकावर एक बांधून घट्ट केल्या आणि सगळ्यात खाली चाकं लावली, तर बंधनं भरपूर असूनही ढकलली की चालू लागते. म्हणून मोजणी झाल्यावर मी बोटानं चित्राला ढकलते. डावीकडून, वरून, आणि कागदाच्या आतल्या दिशेनं. ही तिसरी दिशाच बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही.

त्या दिशेबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण मी बघितलेल्या पडझडीतली बरीचशी त्याच दिशेची आहे. स्पॅनच्या दिशेनं फ्रेम पोर्टल आहे, कोपरे ताठ आहेत. शेडच्या लांबीच्या दिशेनं मात्र तो कॉलम म्हणजे पातळ पट्टी. तीनशेच्या आयएसएमबीचं आय (वाकण्याला सेक्शन किती विरोध करतो तो आकडा) मोठ्या अक्षाभोवती ८६०४ सेंमी⁴ आहे, आणि लहान अक्षाभोवती फक्त ४५४. जवळजवळ एकोणिसावा हिस्सा. पर्लिन (पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या पट्ट्या) आणि कॉलममधला जोड क्लीटचा, खाली बेस पिन. त्या दिशेनं गोलच गोल. मोजणी उणे.

कोणी म्हणेल, कॉलमवर भार तरी किती? पत्रा, पर्लिन आणि किरकोळ गोष्टी मिळून दर चौरस मीटरला पाव किलोन्यूटन, भारतीय मानक संहितेतला लाइव्ह लोड (छपरावर येणारा-जाणारा भार) ०.७५. एका कॉलमच्या वाट्याला ६ गुणिले ५, म्हणजे ३० चौरस मीटर छप्पर. राफ्टर आणि कॉलमचं स्वतःचं वजन धरून सगळं मिळून ३६ किलोन्यूटन, साधारण साडेतीन टन. दीडचा गुणक लावला की ५४.

आता ऑयलर या गणितज्ञाला बोलवा. १७४४ साली या माणसानं सांगून ठेवलं की बारीक खांब चिरडून मरत नाही, लचकून मरतो, आणि लचकायचा भार लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. पाय (π) गुणिले पाय गुणिले ईआय (लोखंडाचा ताठपणा ई गुणिले आय), भागिले लांबीचा वर्ग. आपला कॉलम लहान अक्षाभोवती, ६ मीटर लांब, दोन्ही टोकं जागेवर धरलेली: २४९ किलोन्यूटन. तोच कॉलम खाली पूर्ण घट्ट पण वर मोकळा, विजेच्या खांबासारखा: ६२. ५४ च्या जेमतेम वर. आणि खाली पिन, वर मोकळा: शून्य. कॉलम तोच, लोखंडाचं वजन तेच, माल तोच. बदललं ते एवढंच, की वरच्या टोकाला जागेवर कोण धरून ठेवतं.

ते काम ब्रेसिंगचं. एका बेमध्ये (दोन फ्रेममधला गाळा), शक्यतो मधल्या किंवा टोकाच्या आधीच्या, दोन्ही बाजूच्या भिंतीत एक्स ब्रेसिंग (एकमेकांना छेदणारे दोन तिरके अँगल), आणि त्याच बेमध्ये छपराच्या पातळीवरही. बाकीच्या कॉलमना ईव्ह स्ट्रटनं (कॉलमच्या माथ्याला जोडणारी आडवी दांडी) त्या बेशी बांधायचं. मधल्या उंचीवर, ३ मीटरवर, आणखी एक स्ट्रट दिला तर लांबी निम्मी होते आणि ऑयलरचा आकडा चौपट, ९९६. इथे एक गंमत आहे. कॉलमला लचकू न देण्यासाठी त्या स्ट्रटला लागणारा जोर फारच थोडा असतो. संहितेच्या धर्तीवर अडीच टक्के धरले तर ५४ चे अडीच टक्के १.३५ किलोन्यूटन, दोन धडधाकट माणसांच्या वजनाएवढा. बोट लावल्यासारखा आधार, पण तो कायम पाहिजे.

आणि तो आधार कुठेतरी जमिनीपर्यंत पोचला पाहिजे. एका साइटवर सगळ्या सात कॉलमना मधला स्ट्रट होता, छान सरळ, रंगवलेला. एक्स कुठेच नव्हता. "मॅडम, एवढे पाइप लावलेत की." लावलेत खरे. पण सात दारुडे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे राहिले तर सातही जण एकाच बाजूला पडतात. एकानं तरी भिंत धरली पाहिजे.

इथे स्लेंडरनेसही, म्हणजे कॉलम किती सडपातळ आहे तेही, तपासून टाका. लहान अक्षाभोवती सेक्शनची जायरेशन त्रिज्या २८.४ मिलिमीटर. ६००० भागिले २८.४ म्हणजे २११. आयएस ८०० मध्ये नेहमीचा भार घेणाऱ्या दाबाच्या मेंबरला मर्यादा १८०. मधला स्ट्रट दिला की १०६. मधला स्ट्रट नको म्हणणाऱ्या मालकाला मी हा एकच आकडा दाखवते. गाडी आत यायला अडचण होते म्हणून त्यांना तो नको असतो, मग दाराच्या बेपुरती वेगळी सोय करायची.

ब्रेसिंगचं माप सोपं आहे. गेबलवरचा, म्हणजे शेडच्या टोकाच्या भिंतीवरचा, वारा धरा. पुण्याला नकाशाप्रमाणे वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, मुंबईला ४४. ३९ चा वर्ग गुणिले ०.६, म्हणजे चौरस मीटरला ९१० न्यूटन. कच्च्या हिशेबाला मी ०.९१ किलोन्यूटन आणि एकूण गुणांक १ धरते. पक्का हिशेब आयएस ८७५ भाग ३ वरून नंतर. गेबलवर सगळे मिळून ६८ किलोन्यूटन, निम्मे छपराच्या पातळीवर, त्याचे निम्मे एका भिंतीत: १७. बे ५ मीटर, उंची ६, कर्ण ७.८ मीटर. कर्णातला ताण १७ गुणिले ७.८ भागिले ५, साडेसव्वीस. ५०×५०×६ चा अँगल ताकदीला सहज पुरतो, पण एवढ्या लांबीला तो स्वतःच्या वजनानं झोळ खातो, स्लेंडरनेसही मर्यादेबाहेर जातो. ६५×६५×६ घ्या आणि दोन कर्ण जिथे एकमेकांना छेदतात तिथे बोल्टनं जोडा. फॅब्रिकेटर कुरकुरेल, करू दे.

आता स्पॅनच्या दिशेला या, म्हणजे त्या १२ मिलिमीटरकडे.

लांब भिंतीवरचा वारा: एका फ्रेमच्या वाट्याला ५ गुणिले ६, तीस चौरस मीटर, म्हणजे साधारण २७ किलोन्यूटन. निम्मा थेट पायाकडे जातो, निम्मा वर कोपऱ्याच्या पातळीवर: १३.५. दोन कॉलममध्ये वाटला की प्रत्येकी पावणेसात. उंची ६ मीटर, कोपऱ्यातला मोमेंट (वाकवणारा जोर, बल गुणिले अंतर) ४० किलोन्यूटन-मीटर. आयएसएमबी ३०० चं झेड (मोमेंटला ज्यानं भागलं की ताण मिळतो तो आकडा) ५७४ सेंमी³. भाग दिला तर ताण ७० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. लोखंडाचा यील्ड, म्हणजे ज्या ताणाला ते कायमचं वाकू लागतं तो, २५०. ताकद बख्खळ. इथेच बहुतेक जण वही मिटतात.

मी मिटत नाही. डोल मोजते. बेस पिन धरला तर डोलाचे दोन वाटे. कॉलम वाकल्यामुळे: शिअर (एका कॉलमच्या वाट्याचा आडवा जोर) गुणिले उंचीचा घन, भागिले ३ ईआय. राफ्टर वाकून कोपरा वळल्यामुळे: शिअर गुणिले उंचीचा वर्ग गुणिले स्पॅन, भागिले ६ ईआय. ईआय १७,२०० किलोन्यूटन-मीटर². पहिला वाटा ६.७५ × २१६ ÷ ५१,६००, म्हणजे २८ मिलिमीटर. दुसरा ६.७५ × ३६ × १२ ÷ १,०३,२००, हाही २८. दोन्ही सारखे आले ते आपला स्पॅन उंचीच्या दुप्पट आहे म्हणून. एकूण ५६ मिलिमीटर. पत्र्याच्या शेडला संहिता उंची भागिले १५० एवढा डोल चालवून घेते, म्हणजे ४०. ताकदीत पास, डोलात नापास.

लोकांना वाटतं डोल फक्त कॉलमचा असतो. राफ्टर हलका करून लोखंड वाचवणारे कॉलमचा आकडा बघत बसतात आणि निम्मा डोल राफ्टरमधून येतो हे त्यांच्या लक्षात येत नाही.

आता तीच फ्रेम, बेस पूर्ण फिक्स्ड. सूत्र थोडं वेगळं, उत्तर १२ मिलिमीटर. पोराचा आकडा बरोबर होता! सॉफ्टवेअरनं चूक केली नव्हती. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. ५६ आणि १२ यांच्यातला फरक म्हणजे सपोर्टच्या रकान्यातला एक शब्द, आणि साइटवर त्या शब्दाची किंमत मोजावी लागते.

किती, तेही मोजू. फिक्स्ड बेस असला तर चाळीसातला साधारण २५ किलोन्यूटन-मीटर मोमेंट खाली येतो. तो बोल्टनी घ्यायचा. बोल्ट फ्लँजच्या बाहेर, एकमेकांपासून ३५० मिलिमीटरवर असतील तर एका बाजूच्या जोडीला ७२ किलोन्यूटन ओढ. जमतं. फोटोतल्यासारखे आत, १०० मिलिमीटरवर असतील तर २५०. त्या १२ मिलिमीटरच्या प्लेटची पापडासारखी पन्हाळी होईल.

बरं, बोल्ट नीट लावले, प्लेटही जाड घेतली, स्टिफनर दिले. मग खालचा फुटिंग? मालकानं १ मीटर बाय १ मीटरचा, मीटरभर खोल खड्डा ठरवला होता, एक घनमीटर काँक्रीट, २४ किलोन्यूटन. वाऱ्याच्या वेळी छपरावर लाइव्ह लोड धरायचा नाही, म्हणून वरून फक्त १३. एकूण ३७. मोमेंट २५ भागिले ३७, म्हणजे भाराची रेषा मध्यापासून ६८ सेंटिमीटरवर. फुटिंगची कड ५० वर. म्हणजे रेषा फुटिंगच्या बाहेर, तो ठोकळा कॉलमसकट कलंडणार. फिक्स्ड बेस हा बेस प्लेटचा गुण नाही, सगळ्या पायाचा आणि खालच्या जमिनीचा आहे. शिरवळसारखा खालीच कातळ लागला आणि त्यात अँकर घेतले तर गोष्ट वेगळी. काळ्या मातीत, जिथे उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तिथे मी शेडचा बेस फिक्स्ड धरत नाही. धरूच नका.

त्याच ओघात पत्रा उचलणारा वाराही तपासा. मोठं दार उघडं राहिलं की आतून फुगा होतो, बाहेरून ओढ असते. बाहेरच्या ओढीचा गुणांक ०.९ आणि आतला ०.५ धरले तर ३० चौरस मीटरवर ३८ किलोन्यूटन वरच्या दिशेनं. खाली धरून ठेवणारं वजन १३. उरलेले २५ म्हणजे एका घनमीटर काँक्रीटपेक्षाही जरा जास्तच. "एवढ्या हलक्या शेडला एवढा खड्डा कशाला?" हा प्रश्न मला दर महिन्याला येतो. हलकी आहे म्हणूनच.

मग आम्ही काय केलं? बेस पिनच ठेवला आणि सेक्शन वाढवला. आयएसएमबी ३५० चं आय १३,६३० सेंमी⁴. ५६ ला त्या प्रमाणात कमी केलं की ३६ मिलिमीटर, ४० च्या आत. मीटरला आठ किलो लोखंड वाढलं, सात फ्रेमना मिळून जवळपास १४०० किलो. फॅब्रिकेटर मामांचा फोन आला तो तासभर चालला. कोपऱ्यात मोठा हाँच (राफ्टरखालचा त्रिकोणी जोडतुकडा) देऊनही डोल कमी करता येतो, लोखंडही कमी लागतं, पण कापाकापी आणि वेल्डिंग वाढतं. त्यांच्याकडे चांगला वेल्डर एकच होता. भिंत विटांची असती तर मर्यादा उंची भागिले २४०, म्हणजे २५ मिलिमीटर, आणि ३५० सुद्धा पुरला नसता. अशा ठिकाणी मी तीन फुटांवर वीटकाम थांबवते आणि वर पत्रा घेते.

डोलाची ही गोष्ट शेडपुरती नाही. २६ जानेवारी २००१ ला भूज हादरलं तेव्हा दोनशेहून अधिक किलोमीटर लांब असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती पडल्या, आणि त्यात खालचा मजला पार्किंगसाठी मोकळा सोडलेल्या बऱ्याच होत्या. वर भिंतींनी ताठ झालेले मजले, खाली नुसते कॉलम. सगळा डोल त्या एका मजल्यात साठतो. पुण्यात फिरताना मी अजूनही आधी पार्किंगमधले कॉलम बघते. मुलगी वैतागते.

पुढची पायरी, डोललेल्या फ्रेमवर बसलेला उभा भार. फ्रेम ५६ मिलिमीटर झुकली की वरचा भार ५६ मिलिमीटर बाजूला सरकतो आणि तिला आणखी ढकलतो. सॉफ्टवेअरमध्ये याला पी-डेल्टा म्हणतात. हे कितपत गंभीर आहे हे कळायला एक सुरेख युक्ती आहे. मँचेस्टरच्या हॉर्न यांनी ती १९७५ मध्ये मांडली. आडवा जोर गुणिले उंची, भागिले उभा भार गुणिले डोल. आपल्याकडे १३.५ × ६, म्हणजे ८१. खाली ७२ (दोन कॉलमचे ३६-३६) × ०.०५६५, म्हणजे ४.०७. उत्तर २०. हॉर्न त्याला ०.९ नं गुणतात, म्हणजे १८. अर्थ असा की उभा भार अठरा-वीस पट केला तर फ्रेम आपोआप एका बाजूला जाईल. पुस्तकातलं पूर्ण समीकरण सोडवलं तर १९ येतं. वहीच्या अर्ध्या पानात एवढं जवळचं उत्तर मिळतं याचं मला अजून अप्रूप वाटतं.

त्या पूर्ण समीकरणातून आणखी एक गोष्ट निघते. पिन बेसच्या डोलणाऱ्या कॉलमची परिणामी लांबी पाठांतरात दुप्पट असते. ते राफ्टर अनंत ताठ असेल तरच. आपल्या राफ्टरला २.६३ पट, म्हणजे ६ मीटरचा कॉलम हिशेबात पावणेसोळा मीटरचा. या पटीला के म्हणतात. के चा आकडा २ लिहून पुढे जाणारे इथे गोत्यात येतात.

गुणांक लावलेल्या भारावर हे उत्तर दहाच्या वर राहिलं तर साधं विश्लेषण चालतं. आपलं १८-२० भागिले दीड, म्हणजे १२-१३ येतं, ३५० घेतल्यावर आणखी बरं. पण मालक नंतर काय करतील सांगता येत नाही. वर पाण्याच्या टाक्या, आत लटकवलेला पोटमाळा. कोपऱ्याच्या पातळीवर भार चौपट झाला तर २० चे ५ होतात. तेव्हा वाढ १ भागिले (१ वजा एकपंचमांश), म्हणजे १.२५ पट. डोलही सव्वापट, मोमेंटही सव्वापट, आणि साध्या विश्लेषणात यातलं काहीच दिसत नाही. म्हणून माझ्या ड्रॉइंगवर ठळक अक्षरात असतं: राफ्टरला काहीही लटकवू नये.

आता सॉफ्टवेअर उघडायला हरकत नाही. मी त्यात चार गोष्टी बघते. सपोर्ट काय दिलाय. रिलीज (वळू शकणारे जोड) कुठे दिल्यात, की सगळेच जोड ताठ राहिलेत. ब्रेसिंगला फक्त ताण घेणारं मेंबर म्हणून सांगितलंय का. नाही तर तो बारीक अँगल दाबाचाही निम्मा भार घेतो असं सॉफ्टवेअर समजतं. आणि शेवटी प्रतिक्रियांची बेरीज. उभ्या भाराची बेरीज वहीशी जुळली नाही तर मी पुढचं पान उलटत नाही.

आणि उभारणी. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले.

लोणंदकडची एक शेड होती, बरीच वर्षं झाली. मे महिना, दुपारी चार. चार फ्रेम उभ्या, हायड्रा क्रेन दुसऱ्या साइटवर गेलेली, ब्रेसिंगचे अँगल "उद्या येतात". वळीव आला. आधी धूळ, मग वारा. चारही फ्रेम लांबीच्या दिशेनं एकावर एक आडव्या झाल्या. माणसं चहाला गेली होती म्हणून वाचली. फॅब्रिकेटरकडे बोट दाखवणं सोपं होतं, पण माझ्या ड्रॉइंगवर उभारणीच्या क्रमाची एकही ओळ नव्हती. पूर्ण झालेली शेड मी तपासली होती. अर्धवट उभी शेड कोणीच तपासली नव्हती, आणि त्या दिवशी जमिनीवर उभी होती ती अर्धवटच.

तेव्हापासून ड्रॉइंगच्या पहिल्या पानावर क्रम लिहिते. ज्या बेमध्ये ब्रेसिंग आहे त्याच्या दोन फ्रेम आधी उभ्या करा. त्यातल्या पहिल्या फ्रेमला चार बाजूंनी वायर रोपचे ताणे द्या. दुसरी उभी झाली की लगेच पर्लिन, ईव्ह स्ट्रट आणि एक्स, सगळं त्याच दिवशी. ओळंबा लावून सरळ करा, मग बोल्ट आवळा, मग बेस प्लेटखाली ग्राउट भरा. पुढची प्रत्येक फ्रेम या तयार खोक्याला बांधत जायची. एकटी फ्रेम रात्रभर उभी ठेवायची नाही. अँगल आले नसतील तर फ्रेमही उचलायची नाही.

साइटवर गेलं की दोरी न्या. कॉलमच्या फ्लँजला वर-खाली दोरी ताणून धरली की वाक लगेच दिसतो. वाहतुकीत कॉलम वाकतात, आणि आधीच वाकलेला कॉलम ऑयलरच्या आकड्यापर्यंत कधीच पोचत नाही. कॅनडात क्वेबेकचा पूल बांधताना खालचे दाबाचे मेंबर वाकताना लोकांना दिसले होते. तो वाक आधीपासूनचा की आताचा यावर वाद चालू राहिला. पुलाचं खरं वजन हिशेबातल्या वजनापेक्षा जास्त होतं. २९ ऑगस्ट १९०७ ला तो पडला आणि ७५ कामगार गेले. दोरीनं मोजलेला वाक मी तारीख टाकून वहीत लिहिते, पुढच्या खेपेला परत मोजते. वाढला असेल तर काम थांबवते, वाद नंतर.

तर त्या पोरानं बेस पिन केला, सेक्शन ३५० केला, ब्रेसिंगला ताणाचं मेंबर केलं आणि फाइल परत चालवली. डोल ३७ आला. वहीत ३६ होता. "एक मिलिमीटरचा फरक कुठून आला, मॅडम?" त्यानं विचारलं. आपण छप्पर सपाट धरलं होतं, त्यानं उतार दिला होता. मी ड्रॉइंगवर सही केली, तेवढ्यात मामांचा परत फोन: यार्डात साडेतीनशेचा माल नाही, चारशेचा आहे, चालेल का?